फाल्कन ९ च्या बूस्टरांचा मराठी भिंततक्ता: एक परीक्षण

स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ या रॉकेटचा पहिला टप्पा, म्हणजे बूस्टर, उड्डाणानंतर परत उतरवून पुन्हा वापरला जातो. या बूस्टरांचा उड्डाण-इतिहास मराठीत मांडणारा एक मोठा भिंततक्ता दादरच्या एका पुस्तकांच्या दुकानात मिळाला. गिरगावात शाळकरी मुलांसाठी आम्ही जो विज्ञानवर्ग चालवतो तिथे तो लावला आहे, आणि मुलांनी त्यावर विचारलेल्या प्रश्नांच्या आधारे हे परीक्षण लिहीत आहे.

तक्त्याचे खरे मोल त्याच्या मांडणीत आहे. रॉकेटांचा इतिहास सहसा तारखेच्या क्रमाने, एकामागून एक प्रक्षेपणे देऊन सांगितला जातो. या तक्त्यात मात्र प्रत्येक बूस्टरला स्वतःची आडवी ओळ दिली आहे. ओळीच्या सुरुवातीला त्याचा क्रमांक आणि पुढे प्रत्येक उड्डाणासाठी एक चौकट, ज्यात तारीख, वाहून नेलेला उपग्रह किंवा यान आणि बूस्टर जमिनीवर उतरला की समुद्रातल्या ड्रोनशिपवर, म्हणजे माणसांविना चालणाऱ्या जहाजावर, याची नोंद आहे. पुनर्वापर हा या रॉकेटचा गाभा असल्यामुळे त्याचा इतिहास यंत्रानुसार वाचायला हवा, ही दृष्टी तक्ता करणाऱ्यांनी ठेवली याचे मनापासून कौतुक वाटते.

या मांडणीमुळे काय साधते ते पहिल्या काही ओळींतच कळते. २१ डिसेंबर २०१५ च्या रात्री ऑर्बकॉम कंपनीचे उपग्रह सोडून केप कॅनव्हेरलच्या जमिनीवर उतरलेला बी१०१९ हा पहिला यशस्वी बूस्टर, पण त्याच्या ओळीत एकच चौकट आहे, कारण तो पुन्हा उडवला गेला नाही; कॅलिफोर्नियात हॉथॉर्न येथे कंपनीच्या मुख्यालयाबाहेर तो उभा आहे. त्यानंतरच्या बी१०२१ च्या ओळीत दोन चौकटी आहेत. ८ एप्रिल २०१६ रोजी तो ड्रोनशिपवर उतरलेला पहिला बूस्टर ठरला आणि ३० मार्च २०१७ रोजी एसईएस-१० हा उपग्रह घेऊन पुन्हा उडाला. कक्षेत उपग्रह नेणाऱ्या रॉकेटचा वापरलेला बूस्टर पुन्हा उडण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे 'ब्लॉक ५' ही सुधारित आवृत्ती ११ मे २०१८ रोजी बांगलादेशाचा बंगबंधू-१ उपग्रह घेऊन निघाली, आणि तिथून ओळी लांबत जातात. बी१०५१ ने मे २०२१ मध्ये दहावे उड्डाण केले. बी१०६७ ची ओळ तर २८ ऑगस्ट २०२५ रोजी तिसाव्या चौकटीपर्यंत पोहोचली. एका चौकटीपासून तीस चौकटींपर्यंतची ही वाढ दहा वर्षांच्या आत झाली, हे मुलांना कोणी सांगावे लागले नाही. त्यांनी ते बोटाने मोजून पाहिले.

मात्र जिथे माहिती सर्वांत मोलाची आहे तिथेच तक्ता गप्प बसतो. बूस्टर गमावला गेला की ओळीच्या शेवटी एक लाल फुली, एवढीच खूण दिली आहे. वास्तविक या फुल्यांची कारणे एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत. बी१०५० डिसेंबर २०१८ मध्ये जमिनीऐवजी किनाऱ्याजवळच्या पाण्यात उतरला, कारण उतरताना दिशा देणाऱ्या त्याच्या जाळीदार पंखांना फिरवणारा हायड्रॉलिक पंप अडकला होता. बी१०४८ चे एक इंजिन मार्च २०२० मध्ये वर जातानाच बंद पडले, कारण साफसफाईनंतर राहिलेल्या द्रवाने आत पेट घेतला. बी१०४६ ला जानेवारी २०२० मध्ये अंतराळवीरांना नेणाऱ्या ड्रॅगन यानाच्या आणीबाणीतील सुटकेच्या चाचणीसाठी जाणीवपूर्वक खर्ची घातले गेले, आणि त्यालाही तीच फुली मिळाली आहे. हे मला गंभीर चूक वाटते, कारण ठरवून केलेला त्याग आणि बिघाड यांत भेद न केल्यास मुलांच्या मनात चुकीचे चित्र उभे राहते. बी१०५८ ची कहाणी तर सांगायलाच हवी होती. ३० मे २०२० रोजी बॉब बेन्केन आणि डग हर्ली या अंतराळवीरांना अवकाशात नेणारा हाच बूस्टर. त्याने १९ उड्डाणे केली, अखेरच्या वेळीही तो ड्रोनशिपवर व्यवस्थित उतरला होता, पण बंदराकडे परतताना डिसेंबर २०२३ च्या वादळी वाऱ्यात आणि लाटांत तो कलंडला. नव्या बूस्टरांचे पाय जहाज हलले तरी स्वतःला समतोल करून घेतात, ही सुधारणा याच धोक्यावरचा उपाय आहे. अपयशाचे कारण शोधून पुढचा बूस्टर बदलायचा, या कामातूनच तिसावी चौकट आली आहे, आणि नेमके तेच या तक्त्यावर दिसत नाही.

भारताशी संबंधित नोंदी वेगळ्या रंगात छापल्या आहेत, ही चांगली गोष्ट आहे. इस्रोचा सुमारे ४,७०० किलोचा जीसॅट-एन२ हा उपग्रह इस्रोच्याच एलव्हीएम३ रॉकेटच्या क्षमतेपेक्षा जड असल्यामुळे आपल्या वेळेनुसार १९ नोव्हेंबर २०२४ च्या मध्यरात्री फाल्कन ९ ने नेला; बी१०७३ चे ते एकोणिसावे उड्डाण होते. शुभांशु शुक्ला यांची २५ जून २०२५ ची अ‍ॅक्सिऑम-४ मोहीम बी१०९४ च्या दुसऱ्या उड्डाणाची. त्याआधी जूनमध्येच बूस्टरमध्ये द्रव ऑक्सिजनची गळती आढळल्याने प्रक्षेपण पुढे ढकलावे लागले होते. तक्त्यात याचा उल्लेख नाही. परत वापरलेल्या यंत्राची तपासणी किती काटेकोर असते याचे याहून जवळचे उदाहरण आपल्या मुलांसाठी दुसरे नाही.

मराठी परिभाषा सहज वाचता येते. अक्षरे मात्र बारीक आहेत. चार फुटांवरून चौकटींतील तारखा वाचता येत नाहीत. लॅमिनेशन चकचकीत असल्याने ट्यूबलाइटखाली मधला भाग उजळून निघतो, आणि मुंबईच्या पावसाळी हवेत कडा वळू लागल्या. वर्गासाठी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेसाठी तक्ता जरूर घ्यावा, पण लावण्यापूर्वी कडा लाकडी पट्टीत बसवून घ्याव्यात. घरासाठी, विशेषतः लहान खोलीसाठी, तो फार मोठा आहे. प्रकाशकांना विनंती एवढीच की, पुढच्या आवृत्तीत लाल फुलीऐवजी प्रत्येक बूस्टरच्या शेवटाचे कारण एका ओळीत द्यावे आणि त्यासाठी जागा लागल्यास स्टारलिंक या कंपनीच्या स्वतःच्या इंटरनेट-उपग्रहांच्या नेहमीच्या उड्डाणांचे तपशील कमी करावेत.