स्लॅब, कौलं की पत्रा? पाया खणायच्या आधी ठरवा

छताचा विषय बरेच जण भिंती वर आल्यावर काढतात आणि तिथंच गडबड होते, कारण छताचं सगळं वजन शेवटी पायावर येतं. पाच इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला ३०० किलोच्या वर, मातीची कौलं ढोबळमानाने ४०-५० किलो (वासे-रीपा वेगळे) आणि अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा जेमतेम ५ किलो. पत्र्याच्या हिशोबाने पाया घेतला आणि नंतर स्लॅब टाकू म्हटलं तर इंजिनिअर नाहीच म्हणणार, आणि बरोबरच आहे त्याचं.

वर मजला चढवायचा हे नक्की असेल तर स्लॅबच घ्या, तिथं तुलना करण्यात अर्थ नाही. पण "बघू पुढं कधीतरी" एवढंच असेल तर नीट विचार करा, कारण कॉलमचे गज वर उघडे सोडले की ते वर्षानुवर्षं गंजत राहतात.

स्लॅबचं खरं नशीब ओतायच्या दिवशी आणि नंतरच्या आठवडाभरात ठरतं. माल पसरायला सोपा जावा म्हणून मिक्सरमध्ये वरून पाणी ओततात, ते अजिबात करू देऊ नका, त्याने काँक्रीट कमजोर होतं आणि पुढे भेगा पडून गळतं. गजांखाली कव्हर ब्लॉक (गज तळापासून उचलून धरणारे छोटे ठोकळे) आहेत ना हे स्वतः वाकून बघा, काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर चालू स्थितीत हवा आणि शक्यतो एका दमात पूर्ण स्लॅब व्हायला हवा. मग स्लॅबवर आळी करून पाणी बांधून ठेवायचं, साध्या सिमेंटला कमीत कमी ७ दिवस, पीपीसीला (राख वगैरे मिसळलेलं सिमेंट) १०, कडक ऊन असेल तर आणखी. सेंट्रिंग (खालचा फळ्या-टेकूंचा आधार) काढायची घाई तर नकोच, मोठ्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर जास्त असेल तिथं, टेकू १४ दिवस तरी राहू द्या. स्लॅबचा एक त्रास मात्र राहतोच, दिवसभर शोषलेली उष्णता तो रात्री खोलीत सोडतो.

वर मजला नकोच असेल तर मला स्वतःला कौलं आवडतात. फटींतून हवा खेळती राहते, एक फुटलं तर तेवढंच बदलता येतं. पण उतार चांगला हवा, २५-३० अंशांच्या आसपास, नाहीतर वाऱ्याबरोबर पाणी आत येतं. लाकडाला वाळवी लागते म्हणून आता लोखंडी सांगाडा करतात, तोही चांगला पर्याय आहे. धूळ येतेच, आणि कौलं नीट बसवणारा माणूस मिळतो का हे आधी शोधा.

पत्रा सगळ्यात पटकन होतो पण दुपारी तापतो आणि पावसात आवाज करतो, म्हणून खाली इन्सुलेशन आणि सीलिंग धरूनच बजेट काढा, नुसत्या पत्र्याचा खर्च बघून स्वस्त समजू नका. ॲस्बेस्टॉसचा मात्र घेऊच नका, त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कॅन्सरचा धोका असतो. वारा कडांना आणि कोपऱ्यांना सगळ्यात जास्त उचलतो, तिथं स्क्रू जवळजवळ हवेत. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, पाणी वाहतं त्या खोलगट भागात नाही, आणि रबरी वॉशर नुसता दबला पाहिजे, चेपून बाहेर आला तर लवकर फाटतो. ड्रिलचा लोखंडी कीस त्याच संध्याकाळी झाडून काढायला लावा, तो गंजला की नव्या पत्र्यावर डाग पडतात.