७१० पौंड घेतले, रेडिएटर गारच! पॉवर फ्लशवाल्यांपासून सांभाळा

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींनी हे वाचाच. पॉवर फ्लशच्या, म्हणजे मशीनने जोरात पाणी फिरवून घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरमधला गाळ काढण्याच्या, नावाखाली आमच्याकडून ७१० पौंड उकळले आणि रेडिएटर होते तसेच राहिले.

डिसेंबरात सासूबाई सांगलीहून आल्या आणि नेमका त्यांच्याच खोलीतला रेडिएटर वरून गरम, खालून गार. वरून गार असेल तर आत हवा अडकलेली असते, ती किल्लीने सोडता येते. खालून गार म्हणजे तळाशी गाळ. पोलादी पत्रा आतून गंजतो, त्याची काळी भुकटी पाण्याबरोबर फिरते आणि तळाला बसते. म्हणजे फ्लशची गरज खरी होती. काम खोटं होतं.

नंबर आपल्याच लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळाला. फ्लशचे ५२०, गंजाची भुकटी पकडणाऱ्या चुंबकाच्या फिल्टरचे १५०, केमिकलचे ४०. त्यातले १५० आगाऊ, ५६० काम झाल्यावर, आणि दोन्ही बँक ट्रान्सफरने, कारण म्हणे कार्डाचं मशीन बंद आहे. गळ्यात गॅस सेफचं, म्हणजे इथल्या गॅस कामगारांच्या अधिकृत नोंदणीचं, कार्ड लटकत होतं. ते कार्ड फक्त गॅसच्या कामाची लायकी सांगतं, फ्लश नीट करतो की नाही ते नाही. पण ते बघून कोणाचाही विश्वास बसेल.

सकाळी मशीन जोडलं आणि जेवायच्या वेळेआधी गुंडाळलंसुद्धा. मला बोलावून बादलीभर काळंकुट्ट पाणी दाखवलं, "बघा, एवढी घाण निघाली." मी पैसे पाठवले. अहो, जुन्या सिस्टिममधलं पाणी नुसतं सोडून दिलं तरी बहुतेक वेळा काळंच निघतं! पहिली बादली बघू नका, शेवटचं पाणी बघा. ते नितळ हवं.

आणि एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. सासूबाई सकाळभर वरच्या खोलीत पडून होत्या, त्यांच्या दारावर कोणी टकटकसुद्धा केली नाही. खरा फ्लश करणारा एकच रेडिएटर चालू ठेवून बाकीचे बंद करतो, मशीनचा सगळा जोर त्या एकावर लावतो, प्रवाह उलटा फिरवतो, रबरी हातोडीने ठोकून चिकटलेला गाळ सुटा करतो. मग पुढचा. आठ-दहा रेडिएटरच्या घरात यात बहुतेक अख्खा दिवस जातो. आमच्या जिन्यावर त्याचं पाऊलही पडलं नाही. तिथेच खटकायला हवं होतं. पण मी घरून काम करते, कॉलवर होते, नवरा ऑफिसात. कामाला माणूस बोलावला की त्याच्यावर पहाराही आपणच ठेवायचा का?

दुसऱ्या माणसाने ८५ पौंड घेऊन तपासलं. गंज रोखणारं इनहिबिटर पाण्यात नव्हतंच, आणि फिल्टरच्या डब्यात चुंबकच नव्हता! त्याच्याकडून परत फ्लश करून घेतला, ५९० पौंड. एकूण १३८५.

तक्रारीचं तर विचारूच नका. बँक म्हणाली, हा फ्रॉड नाही, व्यापाऱ्याशी तुमचा वाद आहे. पोलीस म्हणाले, दिवाणी मामला. ग्राहक हेल्पलाइनने सगळं टिपून घेतलं आणि सांगितलं की माहिती कौन्सिलकडे जाईल, गरज वाटली तर ते फोन करतील. कोणाला गरज वाटली नाही. रिकामा डबा दीडशे पौंडांना विकला, फोटो आहेत, बिल आहे, दुसऱ्याचा लेखी रिपोर्ट आहे, तरी प्रत्येक जण दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतो. आम्ही इथे कर भरत नाही का?

बँक ट्रान्सफर करू नका. १०० पौंडांवरची वस्तू किंवा काम असेल तर क्रेडिट कार्ड वापरा, १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या (Consumer Credit Act) कलम ७५ खाली कार्ड कंपनीही जबाबदार धरली जाते. फिल्टर तुमच्यासमोर उघडायला लावा. इनहिबिटरच्या रिकाम्या बाटल्या मागा, बॉयलरजवळ तारखेचं लेबल लावून घ्या. "किती रेडिएटर?" हे फोनवर न विचारता जो भाव सांगतो, त्याला तिथेच नको म्हणा. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे काम नीट करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे, हे त्याला लेखी कळवा. १०,००० पौंडांपर्यंतचा दावा वकिलाशिवाय स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे कोर्टाच्या छोट्या दाव्यांच्या विभागात, लावता येतो. आम्ही लावतोय, पण बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र परत आलंय. म्हणून आगाऊ पैसे देण्याआधी पत्ता तपासा.

त्याच माणसाची जाहिरात परवा दुसऱ्या एका मराठी ग्रुपवर दिसली, मोबाइल नंबर नवा. ग्रुप चालवणाऱ्यांनी ती आजच काढून टाकावी.