नव्याने केलेली बेंबी: वर्षभर वापरल्यावर काय वाटतं

हर्नियाच्या दुसऱ्या ऑपरेशनात माझी बेंबी गेली. हर्निया तिथूनच बाहेर यायचा. वरची कातडी ताणून ताणून पातळ झाली होती आणि तिला जखमही झाली होती, त्यामुळे सर्जननी ती ठेवलीच नाही. आत जाळी बसवली आणि वर सरळ उभे टाके घातले. पोट छान बरं झालं. फक्त मधोमध एक रेघ राहिली, बाकी सगळं सपाट. "कपड्याखाली कोण बघतंय?" हे पुष्कळांनी ऐकवलं. मी बघत होतो ना, रोज आंघोळीला! पुरुषाला कशाला हवंय असलं काही, हेही ऐकून झालं. बेंबीला काम काही नसतं हे मान्य, नाळ गळून पडल्यावर राहिलेला व्रणच तो. पण तो नसला की पोटाकडे बघताना काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं.

जुना व्रण पुरता बसेपर्यंत थांबायला सांगितलं होतं. मग प्लास्टिक सर्जनकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न सिगारेटचा होता. मी ओढत नाही, पण कारण सांगतो: बेंबीच्या भिंती तिथल्याच कातडीचे छोटे तुकडे वळवून करतात. ते तुकडे एका बाजूने जोडलेले राहतात आणि तेवढ्याच रक्तपुरवठ्यावर जगतात. धूम्रपानाने तो आखडला तर कातडी काळी पडून मरू शकते. आधीचा छेद तिथूनच गेलेला असेल तर धोका आणखी वाढतो, म्हणून माझ्या बाबतीत तुकडे रेघेच्या दोन्ही बाजूंनी घेतले.

खुणा मला उभं करून केल्या. झोपलं की कातडी सरकते आणि पोटाचा आकारच बदलतो. कंबरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडल्या की साधारण त्या रेषेवर बेंबी येते, मग डोळ्याने बघून थोडी वरखाली. बहुतेकांची बेंबी अगदी काटेकोर मधोमध नसतेच, असं त्यांनी सांगितलं. माझीही किंचित डावीकडे आहे. मुद्दाम केली की झाली, ते मी विचारलं नाही.

ऑपरेशन तेवढ्या जागेपुरती भूल देऊन झालं. मधली चरबी काढून खड्डा केला, कातडीचे तुकडे आत वळवले आणि त्यांचा तळ पोटाच्या स्नायूंवरच्या पांढऱ्या, चिवट पडद्याला टाके घालून बांधला. माझ्या आत जाळी असल्यामुळे टाका वरच्या थरातच राहायला हवा होता. जाळीला जंतुसंसर्ग झाला तर काम बेंबीपुरतं राहत नाही. तुम्हालाही जाळी असेल तर हा प्रश्न आधीच विचारा. ती कुठल्या थरात आहे हे जुन्या ऑपरेशनच्या कागदांवर लिहिलेलं असतं, ते कागद सोबत न्या.

इथपर्यंत सगळं सर्जनचं काम. पुढचे महिने तुमचे, आणि निकाल बराचसा तिथेच ठरतो. नव्या बेंबीची सगळी धडपड खोलीसाठी असते. व्रण आकसतो, तळ वर येऊ बघतो, तोंड अरुंद होतं. म्हणूनच सुरुवातीला ती हवी त्यापेक्षा जास्त खोल करतात. पट्टी पहिल्यांदा काढली तेव्हा मी घाबरलोच होतो, एवढं भगदाड! आता ती त्याच्या निम्मीही खोल नसेल, आणि दिसायला तीच बरी दिसते.

आधी मलम लावलेली गॉझची गुंडाळी आत बसवलेली होती. टाके बरे झाल्यावर तिच्या जागी सिलिकॉनची छोटी गुळगुळीत गोळी आली, वरून चिकटपट्टी. दिवसरात्र तीच. आंघोळीपुरती काढायची, पाणी नीट टिपायचं आणि परत बसवायची. सांगायला सोपं आहे, पण घाम आला की पट्टी सुटते, झोपेत गोळी निसटते आणि सकाळी अंथरुणात शोधावी लागते. गोळी काही दिवस बाहेर राहिली तेव्हा तोंड आवळल्याचं बोटाला स्पष्ट कळलं. मग थोडी लहान गोळी घेऊन पुन्हा मोठीकडे जावं लागलं. कंटाळून हे मध्येच सोडणार असाल तर ऑपरेशनच करू नका, असं मी स्पष्ट म्हणेन. पोटाचा पट्टा आणि पहिले सहा आठवडे जड न उचलणं हे त्यामानाने काहीच नाही.

काही गोष्टी कुणी आधी सांगितल्या नव्हत्या. नव्या बेंबीच्या भिंती पोटाच्या कातडीच्या आहेत, त्यामुळे आत केस उगवतात. एखादा वळून आतच रुततो आणि लाल फोड येतो. स्पर्श जवळपास नाही, बोट घातलं तर फक्त दाब कळतो. आत ओल राहिली की वास येतो, तेव्हा पुसणं रोजचंच. आणि पुढे कधी दुर्बिणीतून पोटाचं ऑपरेशन करायची वेळ आली तर ही बेंबी केलेली आहे आणि खाली जाळी आहे, हे त्या सर्जनना आपण होऊन सांगायचं. दुर्बीण बऱ्याचदा बेंबीतूनच आत घालतात.

दिसायची म्हणाल तर हातभर अंतरावरून कुणाला शंका येणार नाही. उभट आहे, वरच्या कडेला कातडीची छोटी झालर आहे, आणि त्या झालरीची सावली पडते म्हणून ती खरी वाटते. जवळून पाहिलं तर खालचा काठ जाड आणि गुलाबी आहे. त्यावर सिलिकॉनची पट्टी चालू आहे, खाज कमी झालीय. व्रण पक्का व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्यामुळे काठात स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायचं की नाही हे पुढच्या तपासणीत ठरेल. गोळी आता फक्त रात्री घालतो.