इन्स्टाग्रामची ‘लाइक लपवा’ सोय: आकडा जातो, तुलना जाते का?

लाइकचे आकडे लपवायची सोय इन्स्टाग्रामने मे २०२१ मध्ये सगळ्यांना दिली. त्याआधी २०१९ पासून कॅनडासह काही देशांत चाचण्या झाल्या होत्या. त्यातून काय निघालं, हे कंपनीनेच सांगितलं: काहींना बरं वाटलं, काही वैतागले. म्हणून सक्ती न करता ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं. इतरांशी सतत होणारी तुलना कमी करायला ही सोय वापरणार असाल तर अपेक्षा बेताची ठेवा.

प्रोफाइलवरच्या तीन आडव्या रेघा दाबा, सेटिंग्जमध्ये ‘लाइक अँड शेअर काउंट्स’ शोधा आणि बटण चालू करा. अ‍ॅप अपडेट झालं की मेनूची मांडणी बदलते, त्यामुळे सेटिंग्जच्या सर्चमध्ये ‘लाइक’ टाइप करणं सोपं. इथे बरेच जण फसतात. हे बटण फक्त दुसऱ्यांच्या पोस्टवरचे आकडे झाकतं. आपल्या पोस्टवरचा आकडा लोकांपासून लपवायचा तर प्रत्येक पोस्टच्या तीन ठिपक्यांत जाऊन वेगळं सांगावं लागतं. एवढं करूनही पोस्टखालच्या ‘अदर्स’वर बोट ठेवलं की आपल्याला आपला आकडा दिसतोच. म्हणजे ज्याने बघू नये, त्याच्यासाठीच दार उघडं! फॉलोअर्सचा आकडा तर कुठेच जात नाही. पाचपैकी दोन गुण.

खरं काम ‘म्यूट’ करतं, म्हणजे अनफॉलो न करता एखाद्याच्या पोस्ट आपल्या समोर येऊ न देणारी सोय. लिओन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की माणूस स्वतःला जोखायला आपल्याच बरोबरीचा माणूस शोधतो. अंतर फार असेल तर तुलनेची ओढ कमी होते. म्हणूनच एखाद्या नटाचे लाखो लाइक टोचत नाहीत, पण बरोबर शिकलेल्याचं नवं पद किंवा चुलतभावाचं नवं घर टोचतं. तिथे आकडा लपवून काय होणार? फोटोच पुरेसा असतो.

त्यामुळे सेलिब्रिटी अनफॉलो करत बसू नका. कोणाची पोस्ट पाहिल्यावर अंगठा आपसूक स्वतःच्या प्रोफाइलकडे वळतो, हे आठवडाभर बघा. नावं मोजकीच निघतील. त्यांच्या प्रोफाइलवर ‘फॉलोइंग’ दाबा, ‘म्यूट’ निवडा आणि पोस्ट व स्टोरी ही दोन्ही बटणं चालू करा. फक्त पोस्ट म्यूट करून स्टोरी तशीच ठेवली तर फायदा नाही, सहली आणि पार्ट्या तिथेच दिसतात. समोरच्याला याचा पत्ता लागत नाही, मेसेज येत राहतात, नात्यात वितुष्ट नाही. अनफॉलोपेक्षा हे कधीही शहाणपणाचं.

पण म्यूट केलेल्याचं प्रोफाइल उघडता येतंच, आणि सवयीचं बोट तिकडे जातंच. सर्च उघडल्यावर अलीकडे शोधलेल्यांच्या यादीत ते नाव वरच बसलेलं असतं. नावापुढची फुली दाबून काढून टाका. नाव पूर्ण टाइप करावं लागलं तर निम्म्या वेळा कंटाळा येतो, आणि इथे कंटाळा आपल्या बाजूचा. पाचपैकी चार गुण.

अनोळखी लोकांचे सहा पॅक आणि चकचकीत स्वयंपाकघरं येतात ती ‘सजेस्टेड पोस्ट्स’मधून. त्या ३० दिवस थांबवता येतात, मग गुपचूप परत सुरू होतात. कॅलेंडरमध्ये आठवण लावून ठेवा. ‘फॉलोइंग’ फीड त्याहून बरं, तिथे आपण निवडलेलीच माणसं, नव्यापासून जुन्या क्रमाने. फक्त अ‍ॅप पुन्हा उघडलं की साधारणपणे नेहमीचं फीडच समोर येतं.

एक उणीव मात्र खटकते: म्यूटला मुदत नाही. फेसबुकवर एखाद्याला ३० दिवसांपुरतं ‘स्नूझ’ करता येतं. इथे आपणच ‘म्यूटेड अकाउंट्स’ची यादी उघडून नाव काढेपर्यंत ते तिथेच राहतं, आणि ती यादी उघडायची आठवण कोणालाच राहत नाही.