नुजाबेसची ‘मोडल सोल’: लेहरा ऐकलेल्या कानांसाठी

मिरजेला आमच्या घरी बाबा तबल्याच्या रियाजाला बसले की मला पेटीवर बसावं लागायचं. चंद्रकंसचा लेहरा, तीनताल, तासभर. तीच सोळा मात्रांची ओळ, एक स्वर इकडचा तिकडे करायचा नाही. पहिली दहा मिनिटं जीव कंटाळायचा. मग कधीतरी ओळ तीच असूनही तिच्यात नवीन काही ऐकू यायला लागायचं. ते ऐकणं मला इतक्या वर्षांनी टोकियोत परत मिळालं, शिबुयातल्या जुन्या सीडींच्या दुकानात 1,400 येनला घेतलेल्या एका सीडीत.

‘मोडल सोल’ ही ती सीडी, 2005 च्या नोव्हेंबरमध्ये आली. करणारा नुजाबेस, जपानी हिपहॉप संगीतकार. खरं नाव जुन सेबा. आडनाव आधी धरून रोमन लिपीत लिहायचं आणि उलटं वाचायचं, की नुजाबेस. शिबुयात त्याची स्वतःची रेकॉर्डची दुकानं होती, आणि ‘हाइडआउट प्रॉडक्शन्स’ हे लेबलही त्याचंच. दुकानदार असल्याचा फायदा या सीडीत जागोजागी ऐकू येतो. हिपहॉपमध्ये जुन्या तबकडीतला तुकडा उचलून फिरवत ठेवायची रीत आहे, त्याला लूप म्हणतात. ती रीत पुष्कळांना जमते. कुठला तुकडा शंभर वेळा ऐकला तरी टिकेल, हे ओळखायला मात्र आयुष्यभर तबकड्या हाताळलेले कान लागतात. ‘लव्ह सिक’ या गाण्याच्या तिसऱ्या भागात त्यानं ब्राझीलच्या इव्हान लिन्सच्या गाण्यातला तुकडा घेतलाय, आणि त्यावर शिंगो टू रॅप करतो. तुकडा इतका मऊ आहे की रॅपचे शब्द त्यावर रेलून बसल्यासारखे वाटतात.

मी टोकियोत निशीकसाईला राहते. मेट्रोची तोझाई लाइन मिनामी-सुनामाचीपर्यंत जमिनीखालून येते, मग वर निघते आणि आराकावा नदीवरचा लांब पूल लागतो. याच सीडीतलं ‘रिफ्लेक्शन इटर्नल’ मी पहिल्यांदा तिथे ऐकलं. पियानोची छोटी ओळ, तुटक तुटक येणारा एका बाईचा आवाज, आणि खाली ड्रम. चार मिनिटांहून थोडं जास्त, आणि ओळ जवळजवळ बदलतच नाही. बदलतं ते तिच्याभोवतीचं: ड्रम निघून जातात, परत येतात, आवाज जरा पुढे सरकतो. मला तो सरळ लेहराच वाटला. तबल्याच्या जागी ड्रम, नाहीतर रॅपर. ओळ धरणारा मात्र जागचा हलत नाही.

रविवारी बाबांना फोनवर तेच ऐकवलं. चार-चारचे चार तुकडे धरून ते सोळा मोजत होते, मला टेबलावर बोटं आपटल्याचा आवाज येत होता. संपल्यावर म्हणाले, “लेहरा पक्का धरलाय गं. कुठं असतो हा मुलगा?” मी सांगितलं, तो 26 फेब्रुवारी 2010 ला टोकियोतच रस्त्यावरच्या अपघातात गेला, छत्तीस वर्षांचा होता. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “परत लाव.”

‘ऑर्डिनरी जो’बद्दल थांबून सांगायलाच हवं. शिकागोचा गायक टेरी कॅलियर, आणि 1972 सालचं त्याचंच गाणं. नुजाबेसनं नुसता जुना तुकडा उचलला नाही, म्हाताऱ्या होत चाललेल्या त्या आवाजाला बोलावून आपल्या तालावर जागा दिली. शीर्षक-रचनेत उयामा हिरोतोचा सॅक्सोफोन आहे. तिथे जॅझ उचलून आणलेलं नाही, समोर बसून वाजवलेलं आहे, आणि तो फरक कानाला लगेच कळतो.

सगळंच आवडलं असं नाही. ‘द साइन’मध्ये रॅपर पेस रॉक बोलत राहतो आणि सूर नुसता मागे उभा राहतो, दोनदा ऐकल्यावर मी ते पुढे ढकलते. आणि एक गोष्ट मनाला लागते. आज इंटरनेटवर अभ्यास करताना लावायचं म्हणून जे तासन्‌तास वाजत असतं, त्याचा आजोबा म्हणून नुजाबेसचं नाव घेतात. मान द्यायचाय हे कळतं. पण या माणसानं पार्श्वभूमीला वाजवायचं म्हणून काही केलेलं नाही. पुस्तक उघडून बसलात तर ड्रम कधी थांबले ते कळणारही नाही, आणि ड्रम थांबतात तीच तर जागा आहे.

ॲनिमेवाल्यांना तो ‘सामुराय चांपलू’च्या संगीतामुळे माहीत असेल. त्यांनीही सुरुवात इथून करावी, 2003 च्या ‘मेटाफॉरिकल म्युझिक’ या त्याच्या आधीच्या सीडीकडे नंतर जावं, तिच्यात रॅपचा जोर जास्त आहे. फोनच्या स्पीकरवर नको, खालचे स्वर सगळे जातात. चौदा रचना आहेत, तासाभराहून थोडं जास्त, सलग ऐका. आणि बारावीला ‘सी ऑफ क्लाउड’ लागलं की उठू नका. तिथून शेवटच्या ‘होरायझन’पर्यंत रॅपर कुणी येत नाही, ओळ एकटीच चालते.