मित्रांकडे जायचंय, पण मुक्काम कुठे? मँचेस्टर-लिव्हरपूल, लीड्स-यॉर्क की न्यूकॅसल

पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांचा इंग्लंडचा बेत लंडनपासून सुरू होतो. मग कुणाला तरी आठवतं, की कॉलेजातला मित्र मँचेस्टरजवळ आहे, मावसबहीण लीड्सला आहे. उत्तरेसाठी पाच-सहा दिवस काढले जातात आणि त्यात चार शहरं कोंबायचा मोह होतो. मला कुणी सल्ला विचारला, की मी आधी एवढंच विचारते: तुमची ही मंडळी सोमवार ते शुक्रवार काय करतात?

निम्मा निर्णय तिथेच होतो. इकडे आपली बरीच माणसं एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत आहेत, आयटीत आहेत, विद्यापीठांत आहेत. सकाळी आठला घर सोडतात, संध्याकाळी सहाला परततात. डॉक्टर असतील तर शनिवार-रविवारीही ऑन-कॉल लागू शकतो. शिवाय घर बहुधा शहराच्या मध्यभागी नसतं. मँचेस्टरचे म्हणवणारे ऑल्ट्रिंगमला किंवा चीडलला राहतात, लीड्सचे हॉर्सफर्थला नाहीतर पार वेकफिल्डला. म्हणजे कामाच्या दिवशी तुम्ही तुमचे, सुट्टीच्या दिवशी त्यांच्यासोबत. या दोन्हींची सोय जिथे होते तिथे मुक्काम ठेवावा. काय काय पाहायचं, ते त्यानंतर ठरवावं.

पर्याय तीन. पश्चिमेला मँचेस्टर-लिव्हरपूल, पूर्वेला लीड्स-यॉर्क, आणि वर ईशान्येला न्यूकॅसल-डरहॅम. जोड्या करायचं कारण साधं आहे: पहिल्या जोडीत आगगाडीने अर्धा-पाऊण तास लागतो, दुसरीत जेमतेम पंचवीस मिनिटं, तिसरीत पंधरा. एका जोडीत राहिलात तर बॅगा उचलाव्या लागत नाहीत.

पश्चिम आणि पूर्व यांच्यामध्ये पेनाइन्सची डोंगररांग आहे, आणि तिचा हिशोब आपल्या सह्याद्रीसारखाच: पश्चिम अंगाला पाऊस, पूर्वेला पर्जन्यछाया. दमट हवेत सूत कमी तुटतं, म्हणून कापसाच्या गिरण्या पश्चिमेकडच्या लँकशायरमध्ये वाढल्या. पूर्वेकडच्या यॉर्कशायरने लोकरीवर पैसा केला. आजही मँचेस्टरला रेनकोटाशिवाय निघू नये. यॉर्कला दिवस कोरडा जाण्याची शक्यता बरीच जास्त.

मँचेस्टर-लिव्हरपूल

कामाच्या दिवशी एकट्याने फिरायला मँचेस्टर फार सोयीचं. बऱ्याच उपनगरांतून मेट्रोलिंकची ट्राम थेट मध्यवस्तीत आणते, मित्राने सोडायला यावं लागत नाही. जॉन रायलंड्स लायब्ररी पाहाच. कापडाच्या धंद्यात गडगंज झालेल्या नवऱ्याच्या आठवणीत एनरिकेटा रायलंड्स यांनी ती बांधून घेतली, १९०० साली लोकांसाठी उघडली, आणि प्रवेश आजही मोफत आहे. बाहेरून चर्च वाटतं, आत दगडी कमानींखाली वाचनालय.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर लिंकन स्क्वेअर आहे. अमेरिकेच्या अध्यक्षाचा पुतळा मँचेस्टरमध्ये का, हे चौथऱ्यावरचा मजकूर वाचल्यावर कळतं. १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेतला कापूस यायचा थांबला, लँकशायरच्या गिरण्या बंद पडल्या, कामगारांची उपासमार झाली. तरीही मँचेस्टरच्या कामगारांनी गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंब्याचं पत्र पाठवलं. जानेवारी १८६३मध्ये त्याने त्यांना जे उत्तर दिलं, त्यातला मजकूर इथे कोरलेला आहे. त्याच काळात मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले होते, शेअरबाजाराला वेड लागलं होतं, आणि १८६५ला युद्ध संपताच सगळं कोसळलं. आपल्या मुंबईच्या घडणीतला एक धागा या चौकातून जातो. इचलकरंजीला आपण महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो, तिथल्या माणसाने तर इथे थोडं थांबावंच.

क्रिकेटवाल्यांसाठी ओल्ड ट्रॅफर्ड. १४ ऑगस्ट १९९० रोजी सतरा वर्षांच्या सचिनने इथे नाबाद ११९ करून कसोटी वाचवली; त्याचं ते पहिलं कसोटी शतक. लँकशायरकडून खेळलेल्या आपल्या फरूख इंजिनिअरचं नाव २०२५मध्ये इथल्या एका स्टँडला मिळालं. फुटबॉलचं ओल्ड ट्रॅफर्ड वेगळं आणि थोडं दूर आहे. क्रिकेटसाठी ट्रामचा ओल्ड ट्रॅफर्ड नावाचाच थांबा धरा.

लिव्हरपूल हे मात्र मित्रासोबत करायचं शहर आहे, कारण तिथली मजा चालण्यात आणि गप्पांत आहे. होप स्ट्रीटच्या एका टोकाला १९७८ला पूर्ण झालेलं अजस्र अँग्लिकन कॅथीड्रल, दुसऱ्या टोकाला १९६७चं गोल, मुकुटासारखं कॅथलिक कॅथीड्रल. तिथून खाली उतरत १८४६च्या अल्बर्ट डॉकपर्यंत यावं, मर्सी नदीतली फेरीबोट घ्यावी. हे बंदर २००४ला युनेस्कोच्या यादीत गेलं आणि नव्या बांधकामांमुळे २०२१ला यादीतून काढलं गेलं. किनाऱ्यावर उभं राहिलं, की दोन्ही निर्णयांमागची कारणं समोर दिसतात. बीटल्ससाठी जाणार असाल तर लेनन आणि मॅकार्टनी यांची बालपणीची घरं नॅशनल ट्रस्टकडे आहेत. तिथे आधी बुकिंग लागतं, आयत्या वेळी गेल्यास दारावरून परत यावं लागतं. वेळ उरला तर लोकलने क्रॉस्बीला जा: शिल्पकार अँटनी गॉर्म्लीचे शंभर लोखंडी पुतळे समुद्राकडे तोंड करून उभे आहेत आणि भरतीला त्यातले कित्येक पाण्याखाली जातात.

शनिवार-रविवारी मित्राची गाडी असेल तर लेक डिस्ट्रिक्ट दीड-दोन तासांवर. ऑगस्टमध्ये विंडरमिअरला प्रचंड गर्दी असते, सकाळी लवकर निघा.

या जोडीची उणी बाजू स्पष्ट सांगते. मँचेस्टर पाहताक्षणी आवडणारं शहर नाही. त्याचा इतिहास माहीत असेल किंवा कुणी सांगणारं असेल तर ते खुलतं. आई-वडिलांना घेऊन येताय आणि त्यांना पाहताच डोळे निवतील असं काही हवं असेल, तर पूर्वेला जा.

लीड्स-यॉर्क

यॉर्क सगळं पायी होतं. मध्ययुगीन तटबंदी तीन किलोमीटरहून थोडी जास्त आहे, वरून फुकट चालता येते, आणि वसंतात तिच्या उतारांवर डॅफोडिल फुललेले असतात. यॉर्क मिन्स्टर या कॅथीड्रलला तिकीट आहे, पण ते वसूल होतं. पूर्वेकडची मोठी काचखिडकी १४०५ ते १४०८ या काळात जॉन थॉर्नटनने केली. सुमारे २३ मीटर उंच. वर देव, त्याच्याखाली सृष्टीच्या उत्पत्तीची चित्रं, आणि त्याखाली जगाच्या अंताची, एकेक चौकट. नुसत्या डोळ्यांना वरच्या चौकटी रंगांचे ठिपके दिसतात. छोटी दुर्बीण लावली, की सात डोक्यांचा प्राणी, कर्णे फुंकणारे देवदूत, लोकांचे चेहरे उलगडत जातात. दुर्बीण बॅगेत टाकाच. तिकीट नको असेल तर संध्याकाळच्या इव्हनसाँग प्रार्थनेला मोफत बसता येतं. खिडक्या निवांत बघत फिरता येत नाही, पण त्या वास्तूत गाणं कसं घुमतं ते ऐकायला मिळतं.

मुलं सोबत असतील तर नॅशनल रेल्वे म्युझियम, तेही मोफत. १९३८ला ताशी २०३ किलोमीटरचा वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणारं मॅलार्ड तिथे उभं आहे.

आता माझं ठाम मत. यॉर्क कामाच्या दिवशी करा, एकट्याने. बहुतेक जण उलटं करतात: शनिवारी मित्र हौसेने गाडी काढतो, पार्किंग शोधण्यात तास जातो, आणि शॅम्बल्सच्या चिंचोळ्या गल्लीत खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागतं. लीड्सहून मंगळवारी-बुधवारी सकाळी साडेनऊनंतरची गाडी पकडा. तिकीटही स्वस्त पडतं.

लीड्सला लोक फक्त गाडी बदलतात, आणि ते चुकतं. रॉयल आर्मरीज संग्रहालयात खऱ्या आकाराच्या हत्तीवर चढवलेलं मुघल काळातलं चिलखत आहे. मद्रासच्या गव्हर्नरची पत्नी लेडी क्लाइव्हने ते १८०१ला इंग्लंडला आणलं. उरलेल्या भागाचंच वजन ११८ किलो. जवळ जाऊन बघा: हजारो छोट्या लोखंडी पट्ट्या कड्यांनी एकमेकींत गुंफलेल्या आहेत, आणि मोठ्या पत्र्यांवर मासे, पक्षी, कमळं आणि धावणारे हत्ती उठावात काढलेले आहेत. प्रवेश मोफत. कर्कगेट मार्केटमध्ये मायकल मार्क्सने १८८४ला एक पेनीचा ठेला मांडला, त्यातून पुढे मार्क्स अँड स्पेन्सर उभं राहिलं. हेडिंग्लेच्या मैदानावर १९८६मध्ये वेंगसरकरच्या शतकावर आपण कसोटी जिंकलो, आणि १९९२ला यॉर्कशायर काउंटीने परदेशी खेळाडू म्हणून पहिल्यांदा खेळवला तो सचिनच. शाकाहारी असाल तर बंडोबस्त या उपाहारगृहात जा. गुजराती पद्धतीच्या खाण्याचं हे उपाहारगृह लीड्समध्येच सुरू झालं, आता मँचेस्टर-लिव्हरपूललाही आहे.

उणीव एकच, पण मोठी: लीड्सला ना ट्राम ना मेट्रो. मित्राचं घर रेल्वे स्टेशनजवळ नसेल तर बसवर अवलंबून राहावं लागतं. ते आधी तपासून घ्या.

सुट्टीच्या दिवशी यॉर्कशायर डेल्स. बोल्टन ॲबीला पडक्या मठाशेजारी नदीत दगडांच्या पायऱ्या आहेत, मुलं तिथून हलत नाहीत. पुढे स्ट्रिड नावाची अरुंद घळ लागते. तिथलं पाणी खोल आणि जीवघेणं आहे, काठावर फोटो काढायला जाऊ नका. सॉल्टेअर लीड्सहून आगगाडीने पंधरा मिनिटांवर. टायटस सॉल्टने गिरणी कामगारांसाठी वसवलेलं हे गाव युनेस्कोच्या यादीत आहे.

न्यूकॅसल

मित्र तिथे असेल तर माझ्या कसोटीवर हे शहर दोन्ही जोड्यांना मागे टाकतं. मेट्रो विमानतळापासून मध्यवस्तीत आणि तिथून थेट टाइनमथच्या समुद्रावर नेते. डरहॅमचं १०९३ला सुरू झालेलं कॅथीड्रल पंधरा मिनिटांवर, प्रवेशाला सक्ती नाही, यथाशक्ती देणगी. रोमन काळातल्या हेड्रियनच्या भिंतीचं टोक वॉलसेंडला मेट्रोनेच पाहता येतं. भिंत डोंगरकड्यावरून धावताना बघायची तर हाउसस्टेड्सला जावं लागतं, आणि तो मित्राच्या गाडीने करायचा शनिवार. पण तिथे कुणी ओळखीचं नसेल तर पाच दिवसांत न्यूकॅसल घुसवू नका. एडिंबरोला जाणार असाल तरच वाटेत दोन रात्री ठेवा.

शेफील्डला मित्र असेल तर पीक डिस्ट्रिक्टसाठी जा. तिथल्या ईडेल गावाला आगगाडी जाते.

गाड्या आणि मोसम

रेलकार्ड परदेशी पाहुण्यालाही काढता येतं, किंमत ३५ पौंड. दोघांसाठी टू टुगेदर, साठीनंतर सीनियर, मुलं असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स. मोठ्यांना एक तृतीयांश सूट मिळते, लंडनहून येण्या-जाण्यातच बहुधा पैसे सुटतात. मुंबईहून मँचेस्टरला इंडिगोने २०२५च्या जुलैत थेट विमान सुरू केलं. फेऱ्या बदलत असतात, तेव्हा तुमच्या तारखांना ते आहे का ते बघा.

डिसेंबरमध्ये चारच्या आत अंधार पडतो. हिवाळ्यात लीड्स-यॉर्कच घ्या, कारण पाहण्यासारखं बरंचसं छपराखाली आहे. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे मित्र कामावरून आल्यावरही तासाभराची चक्कर होते. तेव्हा पश्चिमेची जोडी किंवा न्यूकॅसल.

मित्र दोन्ही अंगांना असतील तर पेनाइन्स एकदाच ओलांडा, आणि शक्यतो रविवारी नको. मँचेस्टर-लीड्स-यॉर्क मार्गाचं मोठं काम सुरू आहे, सुट्टीच्या दिवशी अनेकदा गाडीऐवजी बस देतात आणि तासाभराच्या प्रवासाला दोन तास लागतात. गुरुवारी दुपारी ओलांडलात तर पहिल्या मित्राकडे आठवड्यातल्या संध्याकाळी मिळतात, आणि दुसऱ्याकडे अख्खा शनिवार-रविवार.