वृद्ध होणारे देश आणि अण्वस्त्रांचा धाक : गंगापूर रोडवरील एक अभ्यासवर्ग

लोकसंख्येचे वय वाढू लागले की देशाच्या संरक्षणाचे काय होते, या विषयावर नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका अभ्यासमंडळाने घेतलेला सशुल्क सायंवर्ग मी नुकताच पूर्ण केला. भरलेल्या शुल्काचे चीज झाले, हे आधीच सांगतो.

वर्गाचा भर दक्षिण कोरियावर होता. तेथील जननदर (एका स्त्रीला सरासरी होणारी मुले) २०२३ मध्ये ०.७२ पर्यंत घसरला आणि लष्करी सेवा सक्तीची असूनही, २००२ साली सुमारे ६ लाख ९० हजार असलेले सैन्य २०२५ पर्यंत साडेचार लाखांच्या घरात आले. जपानने २०१८ मध्ये भरतीची वयोमर्यादा २६ वरून ३२ वर नेली, तरी जागा भरत नाहीत. माणसे कमी पडली तर अण्वस्त्रे आहेतच, हा युक्तिवाद मात्र व्याख्यात्यांनी मुळापासून तपासला. ब्रिटन १९६९ पासून एक अण्वस्त्रसज्ज पाणबुडी सतत समुद्रात ठेवतो. त्यासाठी सव्वाशेहून अधिक प्रशिक्षित नौसैनिक आणि गोदीत मुरलेले कारागीर लागतात, आणि दुरुस्ती रेंगाळली की समुद्रात असलेल्यांची गस्त पाच-सहा महिन्यांपर्यंत लांबते. शिवाय पायदळ जितके रोडावेल, तितका अण्वस्त्राकडे लवकर हात जाण्याचा धोका वाढतो. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला.

श्रोत्यांत देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. ते म्हणाले, “साहेब, १५५ मिलिमीटरचा गोळा ४० किलोच्या वर भरतो. तो उचलायला पोरंच लागतात.” त्यावरची चर्चा छापील टिपणांपेक्षा सरस झाली.

भारताचा भाग मात्र घाईत उरकला. २०१९-२१ च्या पाहणीतच महाराष्ट्राचा जननदर १.७ वर आलेला असताना आणि २०२५-२६ च्या ६ लाख ८१ हजार कोटींच्या संरक्षण अंदाजपत्रकातील सुमारे १ लाख ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनालाच जात असताना, जवानांना चार वर्षांसाठी भरती करणाऱ्या अग्निपथ योजनेवर पाच-दहा मिनिटे पुरेशी नव्हती. निवृत्तिवेतनाचा भार हलका होईल, पण चार वर्षांत जवान कितपत मुरतो, या प्रश्नाला हात लावायलाच हवा होता.

टिपणे स्वच्छ मराठीत आहेत. सभागृह दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. ज्येष्ठ श्रोत्यांची संख्या पाहता आयोजकांनी पुढील वर्ग तळमजल्यावर घ्यावा आणि त्यात भारतासाठी एक पूर्ण संध्याकाळ राखावी.